इच्छा गेलीय की मजा गेलीय?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच सूर परत परत ऐकू येतोय. "पूर्वी मला अमुक गोष्ट जीव की प्राण होती, आता तिच्याकडे बघवतही नाही, वय झालं का माझं?" एवढी पत्रं एका विषयावर आली की मी अंक त्यालाच देऊन टाकते. पाच पत्रं निवडलीत, नावगाव नेहमीप्रमाणे काढलंय, आणि पत्रं जशी आली तशी थोडी कापून देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय ५७. चौथीत असल्यापासून मला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद. नाद म्हणजे खरंच नाद, ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी अल्बम उघडायचो. बारा अल्बम भरलेत. मधे कामाच्या धबडग्यात आठ-नऊ वर्षं हात लागला नाही पण मनात कायम होतं की जरा मोकळा झालो की परत बसायचं. गेल्या महिन्यात मोकळा झालो. अल्बम काढले, धूळ झटकली, चिमटा आणि भिंग शोधून आणलं, बसलो, आणि खरं सांगतो दहा मिनिटांत जांभई. काहीच वाटलं नाही हो. दुसऱ्या कोणाचं तरी सामान उपसतोय असं वाटत होतं. मुलगा म्हणतो विकून टाका, बायको म्हणते निदान कपाट तरी मोकळं करा. त्यांचं चूक नाही, पण मला भीती वाटतेय की मी आतून वाळलोय का? डिप्रेशन म्हणतात ते हेच का? बाकी तसं बरं चाललंय, झोप लागते, संध्याकाळी मित्रांबरोबर चालायला जातो, नातीला गोष्टी सांगताना वेळ कसा जातो कळत नाही.

दादा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहून पाठवलंय. ज्या माणसाला नातीला गोष्टी सांगताना वेळेचं भान राहत नाही तो वाळलेला नाही.

डिप्रेशनमध्ये रस जातो हे खरंच आहे. त्याला इंग्रजीत ॲन्हिडोनिया म्हणतात, रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ साली हा शब्द वापरात आणला. पण तिथे रस कसा जातो माहितीये का, एकेका गोष्टीवरून नाही जात, सगळ्यावरूनच उडतो. तिकिटं नकोत, मित्र नकोत, नात येऊन मांडीवर बसली तरी आत काही हलत नाही. आणि हे दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे चाललं तर डॉक्टर त्याला गंभीरपणे घेतात. तुमचा फक्त एका कपाटावरचा रस गेलाय. मला तरी यात आजार दिसत नाही.

मग झालं काय? मी कोणालाही आधी एक प्रश्न विचारते. इच्छा गेलीय की मजा गेलीय? ऐकायला एकच वाटतं पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेंदूतही त्यांचं खातं वेगळं आहे. बेरिज नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी, त्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर प्रयोग केले, मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळपास संपवून टाकलं. तेव्हा समज असा होता की डोपामिन म्हणजेच आनंद. त्या उंदरांनी स्वतःहून खाण्याकडे जाणंच सोडून दिलं, समोर अन्न ठेवलं तरी उपाशी मेले असते. पण जिभेवर गोड पाणी सोडलं की ओठ चाटून आवडल्याचे तेच हावभाव! म्हणजे मजा शिल्लक होती, उठून मिळवायची ओढ गेली होती. माणसाचंही असं होतं, आणि वय वाढतं तसं डोपामिनचं काम थोडं मंदावतं हे खरंय, म्हणून "सुरुवातच करवत नाही पण एकदा बसलो की छान वाटतं" असं सांगणारी खूप माणसं भेटतात. त्यांचा छंद गेलेला नसतो, फक्त चावी मारायला जास्त जोर लागतो.

तुमचं तसं नाहीये. तुम्ही बसलात, चिमटा हातात घेतलात आणि तरी जांभई. म्हणजे मजाच गेलीय. तर मग मी विचारेन की मजा नेमकी कशात होती? डोळे मिटून शेवटचा खरा आनंदाचा प्रसंग आठवा बघू. मी पैज लावते, त्यात अल्बम नसेल. पाकिटाचा कोपरा कापून कोमट पाण्यात टाकलाय, गोंद सुटायची वाट बघताय, बोटाने हळूच ढकललं की तिकीट कागदावरून सरकतं, मग ते पालथं घालून जुन्या पेपरवर वाळवायचं, वाळताना कडा वळतात म्हणून रात्री जाड डिक्शनरीखाली दाबून ठेवायचं... असलं काहीतरी आठवेल. किंवा ज्याच्याशी तुम्ही दोनाच्या बदल्यात एक असा सौदा करायचात तो मित्र. आता पत्रंच येत नाहीत. आली तरी त्यावर यंत्राचा शिक्का नाहीतर बारकोड. तुमच्या छंदाला पोस्टमन लागत होता दादा, पाकिटं लागत होती, अदलाबदल करणारी पोरं लागत होती, अल्बम ही त्या सगळ्याची नुसती खातेवही. नऊ वर्षांनी कोणी जुनी खातेवही उघडून वाचत बसलं तर जांभई नाही तर काय येणार.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मला शब्दकोड्यांचं वेड होतं, म्हणजे असं मी समजत होते. दर रविवारी पेपर उघडून पेन्सिलीने बसायचं, आणि अडलं की मोठ्या भावाला फोन. "उभे तेरा, चार अक्षरी, शेवट 'त'." तो पलीकडून मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचा, मी चिडायचे, अर्धा तास असाच. तो गेला त्यानंतर मी तीन-चार रविवार बसून पाहिलं, अर्धं भरून कोडं तसंच सोडलं. वर्षभर म्हणत होते की माझा शब्दकोड्यातला रस गेला. मग एकदा लक्षात आलं की माझा रस शब्दकोड्यात कधी नव्हताच, भावाच्या फोनमध्ये होता. हे कळल्यावर मी कोडी सोडवायला परत लागले का? नाही. आणि आता त्याचं काही वाटतही नाही.

आणखी एक कारण वयाशी खरोखर जोडलेलं आहे. लॉरा कार्स्टन्सन या स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ, त्यांचं म्हणणं असं की पुढे वेळ अमाप आहे असं वाटतं तेव्हा माणूस साठवतो, माहिती, ओळखी, वस्तू, पुढे कधीतरी कामाला येईल म्हणून. वेळ मोजका वाटायला लागला की तो आत्ता जे मनाला भिडतं ते निवडतो, थोडी माणसं, थोड्या गोष्टी. आणि याचा संबंध वयापेक्षा उरलेल्या वेळाच्या जाणिवेशी आहे, कारण गंभीर आजारी तरुणही तसंच निवडताना दिसलेत. संग्रह हा सगळ्यात जास्त भविष्यावर जगणारा छंद बघा. सात तिकिटांच्या सेटमधलं पाचवं मिळालं नाही, मिळेल कधीतरी. ही "कधीतरी"ची गंमत ५७व्या वर्षी कमी झाली आणि नातीची गोष्ट वाढली तर निवड बदलली एवढाच त्याचा अर्थ. मार्सेल द्युशाँसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने ऐन उमेदीत चित्रकला जवळजवळ बाजूला ठेवली आणि बुद्धिबळात असा बुडाला की फ्रान्सच्या टीममधून ऑलिंपियाड खेळला. त्याला कोणी वाळला म्हणालं असेल, पण तो मजेत होता.

आता बारा अल्बमचं काय करायचं. रागात विकू नका आणि देव्हारा पण करू नका. विकायचेच तर जाणकाराला दाखवून, आणि एक लक्षात घ्या, जुनं म्हणजे महाग असं नसतं. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, १८४० सालचं पेनी ब्लॅक, तेसुद्धा सहा कोटी ऐंशी लाखांच्या वर छापलं गेलं होतं, त्यामुळे ते आजही बऱ्यापैकी मिळतं. किंमत ठरते ती दुर्मिळपणावर आणि तिकीट कसं राखलंय त्यावर, दाते तुटलेत का, मागे गोंद आहे का. त्याआधी एक करून बघा. नातीला अल्बम दाखवू नका, तिला बारा अल्बम म्हणजे शिक्षा. एक पाकीट घ्या, पाण्यात टाका आणि तिला तिकीट सोडवू द्या. तिला मजा आली नाही तर कपाट मोकळं करायला घ्या, वहिनी खूश होतील.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. कॉलेजात रात्र रात्र गेम खेळायचो. आता महागडा सेटअप घेतला, गेम डाउनलोड करतो, मेनू स्क्रीन बघतो आणि बंद करतो. मित्र म्हणतात म्हातारा झालास. झालो का?

नाही रे बाबा. चौतिसाव्या वर्षी म्हातारा झालास तर आम्ही कुठे जायचं.

तुझं पत्र चार ओळींचं आहे तर उत्तरही तेवढंच देते. दिवसभर स्क्रीनसमोर काम करून रात्री परत स्क्रीनसमोर बसतोयस, आणि नवीन गेम शिकायला पहिला तास डोकं लागतं, ते डोकं रात्री साडेदहाला उरलेलं नसतं. कॉलेजात तुझ्याकडे पैसे नव्हते म्हणून एकच गेम महिनाभर खेळायचास, आता शंभर पडलेत, म्हणून एकही धड सुरू होत नाही. एक ठेव, बाकीचे उडव, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी खेळून बघ, त्यातल्या त्यात जुन्या मित्राला ऑनलाइन बोलावून. तरीही मेनूवरच थांबलास तर विकून टाक सेटअप आणि झोप काढ, झोप हा तुझ्या वयात अत्यंत दुर्लक्षित छंद आहे.

प्रश्न : ताई, मी ४९. विणकाम माझं पहिलं प्रेम. टीव्ही बघताना, प्रवासात, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, हातात सुया असायच्याच. तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तिच्या बाळासाठी टोपी मागितली, तिने पैसे दिले, मग तिच्या जावेने मागितली, मग ग्रुपवर फोटो गेले आणि ऑर्डरी सुरू झाल्या. घरातले म्हणाले बघ छंदाचे पैसे झाले. सुरुवातीला खूप भारी वाटलं. आता लोकरीची पिशवी दिसली तरी पोटात गोळा येतो. मागच्या महिन्यापासून ऑर्डरी बंद केल्यात तरी स्वतःसाठी म्हणून दोन ओळी घालाव्याशा वाटत नाहीत. माझं एवढं लाडकं काम, कुठे गेलं?

पैशाने खाल्लं ताई. म्हणजे पैसे वाईट असं माझं म्हणणं नाही, कष्टाचे पैसे घ्यावेतच. पण मनाचा हिशोब विचित्र असतो.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो. स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडणारी पोरं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते पेन ठेवून दिले आणि लांबून बघत बसले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती पोरं आता पेनांकडे बाकीच्यांच्या निम्मीच वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षिसाने नाही, "बक्षिसासाठी" या भावनेने घोळ केला. मी हे का करतोय याचं उत्तर बदललं, आणि बक्षीस गेल्यावर करायचं कारणच उरलं नाही.

तुमच्या बाबतीत आणखी वर तारीख, माप, "जरा गुलाबीकडे झुकणारा लाल" वगैरे. पूर्वी चूक झाली की तुम्ही काय करत होतात आठवा. एखादा टाका सुटला, चार ओळी खाली जाऊन लक्षात आलं, तर उसवायचात नाहीतर तसंच पुढे न्यायचात, कारण वापरणाऱ्या तुम्हीच. ऑर्डरीत सुटलेला टाका म्हणजे रात्रीची झोप गेली. तोच सुलट टाका, तोच उलट टाका, हात तेच, पण मागून कोणीतरी बघतंय.

उपाय सांगते, थोडा वेडगळ वाटेल. सध्या टोपी, मोजे, स्वेटर, कोणाला देता येईल असं काहीही विणायचं नाही. उरलेली लोकर घ्या, जाड सुया घ्या, वीस टाके घाला आणि एक चौकोन विणा. नमुना नाही, माप नाही, फोटो तर अजिबात नाही. झाला की उसवून टाका. हो, उसवून. लोकर परत गुंडाळा. दुसऱ्या दिवशी परत. ज्या गोष्टीतून काहीच निघणार नाही ती करताना हाताला बरं वाटतंय का एवढंच बघायचं. पंधरा मिनिटं पुरे. महिना-दोन महिने थांबा, आणि मैत्रिणीच्या जावेला सांगा की मनगट दुखतंय. एवढं खोटं चालतं.

प्रश्न : नमस्कार. मी वडिलांबद्दल लिहितेय. बाबा ७१. बुद्धिबळ, रेडिओवरची गाणी आणि गच्चीवरच्या कुंड्या, हे तीन त्यांचे जीव. गेल्या सहा-सात महिन्यांत तिन्ही सुटलं. टीव्ही चालू असतो पण ते बघत नसतात. विचारलं तर "काही नाही, असंच". रडत नाहीत, चिडत नाहीत, उदास आहे असंही म्हणत नाहीत. गंमत म्हणजे मी पट मांडून समोर बसले तर खेळतात, चांगलं खेळतात, गेल्या आठवड्यात मला हरवलं आणि हसलेसुद्धा. पण स्वतःहून पटाला हात लावणार नाहीत. चालणंही हळू झालंय. आई म्हणते वय झालं, आळस आहे. मला पटत नाही. काय करू?

तुला पटत नाही ते बरोबर आहे, आणि तुझी नजर चांगली आहे. तू लिहिलेलं एक वाक्य या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पट मांडला तर खेळतात, हसतात, स्वतःहून मांडत नाहीत. वरच्या तिकिटवाल्या दादांच्या बरोबर उलटं. बाबांची मजा शाबूत आहे, इच्छा गेलीय. उठून सुरुवात करायची जी आतली ढकल असते ती कमी झालीय. याला डॉक्टर लोक ॲपथी म्हणतात आणि ते डिप्रेशनपेक्षा वेगळं असू शकतं, माणूस दुःखी नसतो, फक्त चालू होत नाही. घरच्यांना तो हमखास आळस वाटतो. आईंना दोष देऊ नकोस, बाहेरून तो तसाच दिसतो.

पण "वय झालं" एवढ्यावर हे सोडू नकोस. वयामुळे छंद बदलतात, थोडे कमी होतात, सहा-सात महिन्यांत तिन्ही बंद पडत नाहीत. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं कागदावर लिहून ने, कधीपासून, काय काय सुटलं, चालणं हळू झालंय हे तर नक्की. थायरॉइड कमी पडणं, बी-१२ची कमतरता, रक्त कमी असणं, या साध्या रक्ततपासणीत कळणाऱ्या गोष्टी आहेत आणि माणसाला असंच मंद करतात. चालू असलेली सगळी औषधं सोबत ने, काही औषधांनीही असं होतं. हळू चालणं आणि पुढाकार जाणं एकत्र दिसलं की डॉक्टर पार्किन्सनच्या बाजूनेही बघतील, स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी कधी विसरण्याच्या आधी अशी होते. घाबरवण्यासाठी नाही सांगत, यातलं काहीही नसेलही, पण बघायला हवं आणि लवकर बघायला हवं.

डिप्रेशन नाहीच असंही मी म्हणणार नाही. वयस्कर माणसं "उदास वाटतं" असं क्वचितच बोलतात, त्यांचं दुखणं अंग दुखण्यातून नाहीतर गप्प बसण्यातून बाहेर येतं. म्हणूनच ज्येष्ठांसाठी १९८०च्या दशकात एक वेगळी प्रश्नावली तयार झाली, हो-नाही उत्तरांची, छोटी आवृत्ती १५ प्रश्नांची. त्यातला दुसराच प्रश्न आहे की तुम्ही तुमची बरीच कामं आणि आवडी सोडून दिल्यात का. बघ, तो प्रश्न किती वर ठेवलाय. आणि बोलण्यात "आता बास झालं", "मी नसलो तर बरं" असं काही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, वाट बघायची नाही.

कान तपासलेत का? रेडिओ सुटला म्हणून विचारतेय. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे माणसाला ऐकू तर येतं पण शब्द नीट कळत नाहीत, आणि गाणं चिरकलेलं, गढूळ वाटायला लागतं. मग तो म्हणतो हल्ली गाण्यात मजा नाही. खरंतर गाणं कानापर्यंत पोचतच नसतं.

हे सगळं होईपर्यंत घरी काय करायचं तर विचारणं बंद कर. "बाबा खेळायचं का?" या प्रश्नाचं उत्तर "नको" हेच येणार, कारण प्रश्न नेमका त्याच ठिकाणी लागतो जे बंद पडलंय. पट मांड, रोज साधारण त्याच वेळी, पहिली चाल तू कर आणि गप्प बस. समोर हललेलं प्यादं बघून गप्प बसणं जुन्या खेळाडूला जमत नाही. कुंड्यांचंही तसंच, झारी भरून हातात द्यायची. "जा, पाणी घाला" म्हणू नकोस, सोबत गच्चीवर जा. करायला लागल्यावर उत्साह येतो, उत्साह आल्यावर करायचं असं ठरवलं तर वाट बघण्यातच वर्ष जातं. डिप्रेशनच्या उपचारात १९७०च्या दशकापासून याच तत्त्वावर एक रीतसर पद्धत वापरली जाते, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात तिला.

आणि हे सगळं कशाला एवढं मनावर घ्यायचं असं आई म्हणाल्या तर त्यांना सांग की २०२३ मध्ये १६ देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ९३ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, ज्यांना छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त होतं. आता छंदामुळे तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून छंद, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही, थोडं दोन्ही असणार. पण पट मांडायला खर्च काय आहे? डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, नक्की.

प्रश्न : मी ६६ वर्षांची. चाळीस वर्षं जलरंगात चित्रं काढली, कोणाला दाखवायला नाही, माझी मी. हल्ली कागद घेऊन बसते आणि अर्ध्यात सोडते. मन लागत नाही. आकाश भरायला घेतलं तर निळा मनासारखा लागतच नाही, मळकट दिसतो. नवीन ट्यूब आणली, तीही तशीच. संध्याकाळी तर बसतच नाही. मुलगी म्हणते आई तू जुनी चित्रं बघ, नवीन ट्यूबने काढलेल्यात निळा भडक दिसतोय. मला तर वाटतं हातातली कलाच गेली, आता हा पसारा आवरावा. पंधरा दिवस ट्यूब, ब्रश खोक्यात भरून ठेवलेत. काय करू?

खोकं उघडा आणि आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा!

तुम्ही लिहिलंय मन लागत नाही, पण पत्रात मनाबद्दल एक ओळ आहे आणि निळ्याबद्दल चार. तुम्हाला निळा मळका दिसतो आणि मुलीला तोच भडक दिसतो, मग गडबड ट्यूबमध्ये नाही आणि हातातही नाही. वयानुसार डोळ्यातली भिंगं पिवळसर होत जातात, मोतीबिंदू व्हायला लागला की आणखी. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं, आणि त्यात सगळ्यात आधी मार खातो तो निळा आणि जांभळा. तुम्हाला तो कमी दिसतो म्हणून तुम्ही जास्त घालता, मुलीला भडक दिसणारच. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही, तो रंगाला दोष देतो, मग स्वतःला. संध्याकाळी बसवत नाही त्याचंही तेच, साठीच्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो.

क्लोद मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं हेच झालं होतं. मोतीबिंदूने रंग असे फसवायला लागले की पॅलेटवरच्या रंगांच्या जागा पक्क्या करून आणि ट्यूबवरची नावं बघून तो काम करायचा. वैतागून कॅनव्हास फाडायचा. शेवटी १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेही त्या काळातलं, कित्येक दिवस न हलता पडून राहायचं वगैरे. त्यानंतर त्याला निळा इतका दिसायला लागला की त्यावरही तक्रार! तुमचं ऑपरेशन लागलंच तर आता बहुतेकांचं भूल देणारे थेंब घालून थोड्या वेळात होतं, त्याच दिवशी घरी. नसेल लागत तर चष्म्याचा नंबर आणि चांगला दिवा यानेही फरक पडेल. दिवा पांढऱ्या उजेडाचा घ्या, पिवळ्या बल्बखाली निळा आणखी मरतो.

तोवर दिवसा, खिडकीजवळ, नुसत्या पेन्सिलीने किंवा एकाच काळ्या रंगात काढा म्हणजे निळ्याशी भांडण नको. आणि अर्धवट सोडलेली आकाशं फेकू नका. डोळे नीट झाल्यावर ती बघायची आहेत तुम्हाला, एकदा जुन्या चित्रांशेजारी ठेवून. मलाही बघायला आवडतील, एक पाठवा.